प्रेक्षक कटात सामील

दर वर्षी २ ऑक्टोबर जवळ आला, की गांधीजयंतीच्या शुभेच्छांच्या जोडीला एक विनोद मोबाइलवर फिरायला लागतो. सत्संगासाठी पणजीला गेला होतात ना? पावभाजी खाल्लीत ना? तिकिटं जपून ठेवलीत ना? ज्यांनी ‘दृश्यम’ पाहिलाय त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. निशिकांत कामत यांच्या २०१५च्या या हिंदी चित्रपटातला विजय साळगावकर हा गोव्यातला केबलवाला. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, बाकीचं ज्ञान सिनेमे बघून मिळवलेलं. घरात एक खून होतो आणि हा माणूस गावातल्या लोकांच्या आठवणीत दोन दिवसांचा एक खोटा प्रवास पेरून ठेवतो. गंमत अशी, की इतकी वर्षं लोक हौसेनं, कुणीही न सांगता, तीच खोटी साक्ष देताहेत.

चित्रपट बघताना त्या कुटुंबानं पोलिसांना सगळं खरं सांगून टाकावं, असं कुणालाच वाटत नाही. तब्बूनं रंगवलेली पोलीस अधिकारी ही बेपत्ता मुलाची आईही आहे. तिचं दुःख खोटं नाही. तरीही प्रेक्षक मनातल्या मनात विनवत असतो, की त्या मुलाचं प्रेत सापडू नये. एरवी लाल सिग्नलला निमूट थांबणारी माणसं अडीच तास पुरावा नष्ट करणाऱ्याच्या पाठीशी उभी राहतात आणि बाहेर पडताना त्यांना जराही अपराधी वाटत नाही. थरारपटाच्या ओढीबद्दल बोलताना ‘खुनी कोण’ या कोड्याचा फार गवगवा होतो, पण ते कोडं एकदा सुटलं की संपतं. माणसं हे चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. दिग्दर्शक आपल्याला नकळत कटात ओढून घेतो, ही या प्रकारातली खरी चैन आहे.

याचा उत्तम नमुना ‘सायको’मध्ये (१९६०) आहे, आणि तो सगळ्यांना पाठ असलेला न्हाणीघरातला प्रसंग नव्हे, त्याच्या नंतरचा. ४० हजार डॉलर घेऊन पळालेली मॅरियन क्रेन पाऊणएक तासातच मारली जाते. जिच्या डोळ्यांनी आपण गोष्ट बघत होतो तीच गेली. आता पडद्यावर उरतो मोटेलचा तो बुजरा पोरगा, नॉर्मन बेट्स. तो फरशी पुसतो, रक्त धुतो, प्रेत गाडीच्या डिकीत टाकतो. जवळजवळ एकही शब्द न बोलता हे बराच वेळ चालतं. शेवटी तो गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडत जाते आणि अर्ध्यावर थांबते. नॉर्मन घाबरून इकडेतिकडे बघतो, आणि थिएटरातल्या प्रत्येकाचा श्वास अडकतो. गाडी पुन्हा बुडू लागली की सगळे सुटल्यासारखा श्वास सोडतात. काही मिनिटांपूर्वी जिच्यासाठी जीव तुटत होता, तिचं प्रेत नीट लपावं अशी आपलीच इच्छा असते. आल्फ्रेड हिचकॉकनं हे हिशेबानं घडवलं होतं.

हिशेबाचं म्हणाल तर हा माणूस त्यात पक्का होता. ‘सायको’ची कल्पना पॅरामाउंटच्या गळी उतरेना, तेव्हा त्यानं स्वतःचे पैसे घातले, आपल्या टीव्ही मालिकेची माणसं घेतली आणि सुमारे ८ लाख डॉलरमध्ये कृष्णधवल चित्रपट उरकला. न्हाणीघरातल्या पाऊण मिनिटाच्या हत्येचं चित्रीकरण मात्र आठवडाभर चाललं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं. त्या प्रसंगाला संगीत नको, असं त्याचं आधी मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही फक्त तंतुवाद्यांवर ते किंचाळणारे स्वर रचले, आणि ते ऐकल्यावर हिचकॉकनं माघार घेतली. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, हा नियमही त्यानं थिएटरवाल्यांच्या गळ्यात मारला. तोवर अमेरिकेत लोक मध्येच येत, पुढच्या खेळात राहिलेला भाग बघून उठत.

हिचकॉकनं आपलं तंत्र फ्रान्स्वा त्रुफोला १९६२च्या प्रदीर्घ मुलाखतीत उलगडून सांगितलं. ती मुलाखत १९६६ मध्ये पुस्तकरूपात आली आणि त्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आता पटकथेच्या प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. दोघे गप्पा मारत बसलेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही क्षण दचकतो. पण बॉम्ब आहे आणि तो अमुक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा असह्य होतात. उठा, निघा तिथून, असं ओरडावंसं वाटतं. म्हणजे उत्कंठा माहिती लपवण्यातून येते त्याहून जास्त ती माहिती योग्य वेळी हाती ठेवण्यातून येते. पात्राला ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, या तफावतीत आपण अडकतो. आपल्याला कळलेलं आहे आणि सांगता येत नाही, हीसुद्धा एक प्रकारची सामिलकीच.

तंत्राला मर्यादाही असतात आणि त्या हिचकॉकला स्वतःच्याच चित्रपटात कळल्या होत्या. ‘सॅबोटाज’मध्ये (१९३६) एक शाळकरी पोरगा बॉम्ब असलेलं पार्सल घेऊन लंडनभर फिरतो. त्याला ते ठाऊक नाही, आपल्याला आहे. फेरीवाला त्याला अडवतो, मिरवणूक आडवी येते, बसमध्ये तो कुत्र्याच्या पिल्लाशी खेळत बसतो. आणि बॉम्ब फुटतो. प्रेक्षक चिडले. एवढा वेळ मुलाची काळजी करायला लावून त्याला मारून टाकणं ही आपली चूक होती, हे हिचकॉकनं पुढे मान्य केलं. कटात घेतलेल्या माणसाला असं फसवायचं नसतं.

माहिती आधीच हाती ठेवण्याच्या या तंत्राच्या बरोबर उलट वाटेनं फ्रान्समध्ये आंरी-जॉर्ज क्लुझो गेला. त्याचा ‘ले दियाबोलिक’ (१९५५) शेवटच्या धक्क्यावर उभा आहे. शेवट कुणाला सांगू नका, अशी विनंती त्यानं पडद्यावरच झळकवली. कथा बुआलो आणि नार्सझाक या लेखकजोडीची. त्यांच्याच नंतरच्या एका कादंबरीवर हिचकॉकनं ‘व्हर्टिगो’ (१९५८) केला आणि एक धाडस केलं. कादंबरीतलं शेवटचं रहस्य त्यानं बरंच आधी फोडून टाकलं. दोन बायका दिसतात त्या खरं तर एकच आहेत, हे नायकाला कळायच्या कितीतरी आधी आपल्याला कळतं. आता ‘ती कोण’ हा प्रश्न उरत नाही, ‘त्याला कळल्यावर काय होईल’ हा उरतो. प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटाचं स्वागत थंडच होतं. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांनी त्याला सार्वकालिक यादीत पहिलं स्थान दिलं आणि तिथे ५० वर्षं बसलेल्या ‘सिटिझन केन’ला खाली उतरवलं. ‘ले दियाबोलिक’ आजही एकदा बघायला झकास आहे. ‘व्हर्टिगो’ दुसऱ्यांदा जास्त छळतो.

शेवट कळला तर मजा जाते, ही समजूत कितपत खरी? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वाचकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा उलट जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांचा कौल याच्या विरुद्धही गेला, त्यामुळे ‘सस्पेन्स फोडला’ म्हणून मैत्री तोडणाऱ्यांनी लगेच माफी मागायला नको. पण एक गोष्ट अनुभवाला धरून आहे. ‘ज्वेल थीफ’ दहाव्यांदा बघणारा माणूसही मोक्याच्या प्रसंगात सावरून बसतोच.

त्याहून रोचक प्रयोग न्यूयॉर्क विद्यापीठात उरी हॅसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी लोकांना मेंदूची प्रतिमा टिपणाऱ्या यंत्रात झोपवून निरनिराळी चित्रणं दाखवली आणि सगळ्यांचे मेंदू किती एकसारखे चालतात हे मोजलं. २००८ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. बागेतल्या माणसांचं नुसतं कॅमेरा लावून ठेवलेलं चित्रण दाखवलं, तेव्हा मेंदूच्या बाह्यपटलाचा ५ टक्क्यांहून कमी भाग एकसारखा चालला. सर्जिओ लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ला हे प्रमाण ४५ टक्के होतं. हिचकॉकच्या टीव्ही मालिकेतल्या एका भागाला ६५ टक्क्यांच्या वर. त्या भागाची गोष्ट? एका लहान मुलाला भरलेलं पिस्तूल सापडतं. ते खेळण्यातलं आहे असं समजून तो गावभर ते लोकांवर रोखत फिरतो. टेबलाखालचा बॉम्बच, फक्त पोराच्या हातात. हिचकॉक प्रेक्षकांना वाद्यासारखं वाजवतो असं जे म्हटलं जाई, त्याचा हा जवळजवळ आलेखच म्हणायचा.

पण कटात सामील होणं समाजाला आणि सेन्सॉरला नेहमीच परवडतं असं नाही. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या आचारसंहितेत गुन्हेगाराला शासन व्हायलाच हवं, अशी अट होती. दाफ्ने द्यू मोरियेच्या ‘रिबेका’ कादंबरीत नवरा बायकोला गोळी घालतो आणि सुटतो. हिचकॉकच्या १९४०च्या चित्रपटात तिचा मृत्यू अपघाती करावा लागला. हे जुनं झालं म्हणावं, तर ‘दृश्यम’चीच कथा बघा. जितू जोसेफचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा. मोहनलालचा जॉर्जकुट्टी तिथे केरळच्या डोंगराळ गावात केबल चालवतो. मग कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि सिंहली आवृत्त्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी बाप सुटतो. २०१९च्या चिनी आवृत्तीत मात्र तो शेवटी पोलिसांच्या स्वाधीन होतो. कथानक तेच, पण प्रेक्षकाला सामील करून मोकळं सोडायचं की नाही, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो.

भारतात सगळीकडे जॉर्जकुट्टी आणि साळगावकर का सुटले, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. एका बाजूला पोलीस अधिकाऱ्याचा लाडावलेला मुलगा आणि त्याच्यासाठी राबणारं सगळं खातं, दुसऱ्या बाजूला वर्गणी गोळा करणारा केबलवाला. कमलेश सावंतनं केलेला हवालदारी मग्रुरीचा गायतोंडे त्या घरातल्या लहान मुलीवरही हात उचलतो. तिथे कायद्याची बाजू घ्यायला प्रेक्षकाला तोंडच उरत नाही. कामतांनी ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) हाच मध्यमवर्गीय संताप उघड रस्त्यावर आणला होता. ‘दृश्यम’मध्ये तो शांत डोक्यानं काम करतो.

आपल्याकडच्या रहस्यपटांची सुरुवात मात्र वेगळ्या वाटेनं झाली. कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) हा बॉम्बे टॉकीजचा. छायालेखक होते जर्मनीहून आलेले योझेफ विर्शिंग. जर्मन चित्रपटांनी अंधाराचा वापर आधीच आत्मसात केला होता. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये (१९३१) बालहत्या करणारा माणूस आपल्याला आधी फक्त शिट्टीतून भेटतो. मुलगी मेली हे कळतं ते घरंगळत आलेल्या चेंडूवरून आणि तारांत अडकलेल्या फुग्यावरून. शेवटी शहरातले चोर-दरोडेखोरच त्या खुन्याचा न्याय करायला बसतात आणि पीटर लॉरी जीव तोडून विनवू लागतो, तेव्हा प्रेक्षकाची पंचाईत होते. ‘महल’मध्ये एवढी नैतिक गुंतागुंत नाही, पण सावल्या आहेत, घड्याळाचे ठोके आहेत, झोपाळा आहे आणि लांबून येणारा लता मंगेशकरांचा आवाज आहे. तो आवाज दुरून जवळ येतोय असं वाटावं म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाई चालत माइककडे येत गेल्या, ही हकिकत प्रसिद्धच आहे. सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं.

गाणं हे हिंदी रहस्यपटाचं स्वतःचं हत्यार ठरलं. एरवी गाणं आलं की गोष्ट थांबते. इथे गाण्याच्या मागे नायक धावतो आणि गोष्ट पुढे सरकते. बिरेन नाग यांचा ‘बीस साल बाद’ (१९६२), राज खोसलांचे ‘वो कौन थी?’ (१९६४), ‘मेरा साया’ (१९६६) आणि ‘अनिता’ (१९६७) हे साधनासोबतचे तीन चित्रपट, राजा नवाथे यांचा ‘गुमनाम’ (१९६५). धुकं, पांढरी साडी, हवेली आणि सूर. शेवटी भूत नसतंच. बऱ्याचदा इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला कुणीतरी नातलग निघतो. भाऊबंदकी घरोघरी पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला यात आश्चर्य वाटण्यासारखं फारसं नव्हतं, पण त्याला हा प्रकार आवडला. मराठी घरांत बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाड, झुंजार आणि धनंजय-छोटूच्या पुस्तकांची पारायणं चालत. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसानं वाचक आधीच तयार करून ठेवला होता.

आणि ‘मेरा साया’चं मूळ मराठीच. राजा परांजपे यांनी जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर १९६४ मध्ये ‘पाठलाग’ केला. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना प्रमुख भूमिकांत होते. कल्पना साधी आणि जबरदस्त. बायकोचं डोळ्यांदेखत निधन झालेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई आरोपी म्हणून उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको. मग भर न्यायालयात ती नवरा-बायकोशिवाय कुणाला ठाऊक नसतील अशा गोष्टी सांगू लागते. वकिलाला तिची उलटतपासणी घ्यायची आहे, म्हणजे स्वतःच्याच संसाराची. प्रेक्षकाला ती खरी असावी असंही वाटतं आणि नसावी असंही, कारण खरी असेल तर चितेवर कोण होतं? उत्तर इथे सांगण्याचं कारण नाही. ६० वर्षांनीही ते न ठाऊक असलेला एखादा भाग्यवान वाचक निघू शकतो. हिंदीत सुनील दत्त-साधना आले, मदन मोहन आले, रंग आणि श्रीमंती आली. मूळ कल्पनेला हात लावायची गरज कुणाला पडली नाही. घाणेकर पुढे वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्येही (१९७६) दिसले. हा चित्रपट आज आठवतो तो जास्त करून हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतासाठी.

गाण्यांशिवायही हा प्रकार चालतो हे चोप्रा बंधूंनी दाखवलं. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (१९६०) आणि यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) या दोन्हींत एकही गाणं नाही. ‘इत्तेफाक’ तर ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून, एका घरात, जेमतेम महिनाभरात केलेला. खुनाचा आरोपी राजेश खन्ना मनोरुग्णालयातून पळून नंदाच्या घरात शिरतो. नंदाची तोवरची सोज्वळ प्रतिमा हीच दिग्दर्शकाची खेळी होती. विजय आनंदनं ‘ज्वेल थीफ’मध्ये अशोक कुमारच्या बाबतीत हेच केलं. पडद्यावरच्या चेहऱ्यावर आपला वर्षानुवर्षांचा विश्वास असतो, आणि थरारपट तो गहाण ठेवून खेळतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत ‘जॉज’ (१९७५) आला. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सतत बिघडत होता. नाइलाजानं स्पीलबर्गनं त्याला दाखवायचंच टाळलं आणि जॉन विल्यम्सच्या दोन सुरांवर काम भागवलं. तासाभराहून जास्त वेळ शार्क नीट दिसत नाही आणि त्यामुळेच समुद्राची भीती वाटते. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्ये (१९९१) अँथनी हॉपकिन्स साधारण १६ मिनिटंच पडद्यावर आहे, पण चित्रपटभर तोच असल्यासारखा वाटतो. दिग्दर्शक जोनाथन डेमीनं त्याला थेट कॅमेऱ्यात बघायला लावलं, त्यामुळे तपासावर पाठवलेल्या तरुण प्रशिक्षणार्थी क्लॅरिसला जे सोसावं लागतं ते आपल्यालाही सोसावं लागतं. शेवटाकडे नरभक्षक डॉक्टर निसटतो आणि थिएटर खूश होतं. यात काहीतरी चुकतंय हे घरी गेल्यावर लक्षात येतं.

नव्वदच्या अखेरीस मात्र शेवटच्या पाच मिनिटांत सगळं उलटं करण्याची साथ आली. ‘द युज्वल सस्पेक्ट्स’ (१९९५) आणि एम. नाइट श्यामलनचा ‘द सिक्स्थ सेन्स’ (१९९९) हे चांगले चित्रपट, पण त्यांच्या नकलांनी वैताग आणला. ‘द सिक्स्थ सेन्स’चा धक्का टिकतो, कारण त्याखाली एका एकट्या पोराचं आणि त्याच्या थकलेल्या आईचं दुःख आहे. नकला करणाऱ्यांनी दुःख वगळून धक्का घेतला. आजही अनेक हिंदी चित्रपट आणि मालिका शेवटी मागची दृश्यं भराभर दाखवून ‘बघा, कसं फसवलं’ म्हणून हात झटकतात. तेव्हा फसल्याचा आनंद कमी आणि वेळ गेल्याचा राग जास्त येतो.

या गर्दीत श्रीराम राघवन वेगळा उठून दिसतो. पुण्यात वाढलेला, तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. ‘जॉनी गद्दार’ (२००७) त्यानं विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला, आणि खुनी कोण हे दडवण्याची तसदीच घेतली नाही. ‘अंधाधुन’ (२०१८) एका फ्रेंच लघुपटावरून सुचलेला, पण घडतो पुण्यात. आंधळा असल्याचं सोंग करणारा पियानोवादक एका फ्लॅटमध्ये वाजवायला जातो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर बायको आणि तिचा प्रियकर नवऱ्याचं प्रेत आवरत असतात. त्याला दिसतंय हे त्यांना कळता कामा नये, म्हणून तो वाजवत राहतो. भीती आणि विनोद एकाच वेळी, एकही संवाद नसताना. मग तो धीर करून पोलीस ठाण्यात जातो आणि तक्रार घ्यायला समोर येतो तो प्रियकरच. इथे बळीही खोटारडा आहे, साक्षीदारही, आणि लॉटरी विकणाऱ्या बाईपासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला आपापला भाव हवा आहे. शेवटी कुणाचं खरं मानायचं, यावर वाद अजून चालू आहेत. चित्रपट चीनमध्येही धो धो चालला.

रहस्य उलगडलंच नाही तर? दक्षिण कोरियाच्या ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात एकापाठोपाठ स्त्रियांचे खून झाले. २००३ मध्ये बाँग जून-होनं त्यावर ‘मेमरीज ऑफ मर्डर’ केला, तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. चित्रपटातले पोलीस संशयितांना मारतात, पुरावे उभे करतात, मांत्रिकाकडे जातात आणि हरतात. सुरुवातीला त्यांच्या गबाळेपणावर हसणारा प्रेक्षक हळूहळू त्यांच्यासारखाच अधीर होतो. कुणालातरी पकडा एकदाचं, असं त्याला वाटू लागतं, आणि मारहाणीचा निषेध करायचं तो विसरतो. शेवटी साँग कांग-होचा माजी पोलीस सरळ कॅमेऱ्यात बघतो, कारण खुनी कधीतरी हा चित्रपट बघेल असं बाँगला वाटत होतं. २०१९ मध्ये डीएनए चाचणीवरून तो माणूस सापडला. दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीपासूनच तुरुंगात होता. पुढे न्यायालयात त्यानं सांगितलं, की चित्रपट पाहिला होता, विशेष काही वाटलं नाही. त्या खुनांपैकी एकासाठी २० वर्षं शिक्षा भोगलेला दुसरा एक निरपराध माणूस २०२० मध्ये निर्दोष ठरला. चित्रपटातली मारहाण कल्पनेतली नव्हती.

सध्याच्या लेखकांपुढची मोठी अडचण खिशातला मोबाइल आहे. टेलिफोनची तार कापली की नायिका एकटी पडायची ते दिवस गेले. प्रत्येक कोपऱ्यावर सीसीटीव्ही, प्रत्येक फोनला ठिकाण सांगायची सवय. आळशी पटकथेत मग ‘रेंज नाही’ हे पालुपद येतं. हुशार लोकांनी त्या पडद्यालाच रंगमंच केलं. अनीश चगंतीच्या ‘सर्चिंग’मध्ये (२०१८) बाप बेपत्ता मुलीला तिच्या लॅपटॉपमध्ये शोधतो आणि सगळी गोष्ट पडद्यावरच्या खिडक्यांतच घडते. महेश नारायणननं टाळेबंदीत केलेला मल्याळम ‘सी यू सून’ (२०२०) त्याच जातीचा. बाकी वेब मालिकांनी दोन तासांचा ऐवज आठ भागांत ताणण्याचा जो सपाटा लावलाय, त्यात उत्कंठा सैल पडते. प्रत्येक भागाच्या शेवटी बंदूक रोखली जाते आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला खाली येते. पार्श्वसंगीत तर कधी घाबरायचं याची सूचना घरमालकासारखी आगाऊच देत असतं.

मल्याळम चित्रपटांनी या काळात मराठी प्रेक्षकाला सबटायटल्स वाचायची सवय लावली. दिंजित अय्यातनचा ‘किष्किंधा कांडम’ (२०२४) त्यातला अलीकडचा नमुना. जंगलाकाठचं घर, विस्मरण होत चाललेला निवृत्त लष्करी म्हातारा, हरवलेलं पिस्तूल, नाहीसा झालेला नातू. कथा उलगडते तेव्हा हाती कुणी खलनायक लागत नाही. एक घर काय लपवून जगतंय, तेवढं कळतं, आणि ते लपलेलंच राहावं असं वाटतं.

मराठीत या प्रकाराकडे तुरळक लक्ष गेलं. चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ (१९९९) जवळजवळ सगळ्या स्त्री पात्रांवर उभा होता, आणि त्यावरून प्रियदर्शननं दक्षिणेत चित्रपट केला. म्हणजे ‘पाठलाग’नंतर पुन्हा एकदा मराठी रहस्य बाहेर गेलं. संजय जाधव यांचा ‘चेकमेट’ (२००८) आला. निखिल महाजनच्या ‘पुणे ५२’मध्ये (२०१३) गिरीश कुलकर्णीनं नव्वदच्या दशकातला खासगी गुप्तहेर केला, ज्याचं बहुतेक काम लोकांच्या संसारातली लफडी शोधण्याचं असतं. सुहास शिरवळकरांच्या ‘समांतर’वरची मालिका २०२० मध्ये आली आणि ती मराठीबाहेरही पाहिली गेली. शिरवळकरांच्या फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांच्या कादंबऱ्यांची चळत अजून तशीच आहे. त्यांतल्या बऱ्याच आज जशाच्या तशा पडद्यावर जुन्या वाटतील, कोर्टातली भाषणं कापावी लागतील. पण अशील खरं बोलतोय की नाही याची खात्री नसताना त्याची बाजू लढवायला निघालेला वकील त्यांत आहे, आणि एका चांगल्या दिग्दर्शकाला तेवढं पुरे.